विमानाची काच किती काळी करावी?

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत माझं ॲक्रिलिकचं दुकान आहे. दुकानांच्या पाट्या, सत्काराच्या ट्रॉफ्या, काउंटरवरचे पारदर्शक पडदे, असलं सगळं काम. गेल्या उन्हाळ्यात पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षबागायतदार गोणपाटात गुंडाळलेला एक पिवळट, बाक आलेला तुकडा घेऊन दुकानात आले. मी त्यांना अण्णा म्हणतो.

"भाऊ, हे असंच्या असं कापून द्या. फक्त काळ्या रंगात."

"कशाचं आहे?"

"विमानाचं."

अण्णांच्या पुतण्याकडे खाजगी वैमानिकाचा परवाना आहे. त्याने दोन मित्रांबरोबर मिळून एक जुनं सेसना १७२ घेतलंय. ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका धावपट्टीवर उघड्यावर उभं असतं. एप्रिलमध्ये आत बसलं की भट्टीत बसल्यासारखं होतं, म्हणून काळ्या काचा हव्या होत्या. ओझरच्या सुखोईंचा आवाज ऐकत माझं निम्मं आयुष्य गेलं, पण विमानाचं काम दुकानात आलं ते पहिल्यांदाच. मी ते केलं नाही. का केलं नाही, हे सांगताना आमची बैठक तीन कप चहापर्यंत लांबली. पुढच्या लिखाणातलं बरंचसं त्या चहावरचंच आहे.

पहिली गोष्ट, ही काच नाहीच. छोट्या विमानांच्या खिडक्या बहुतेक ॲक्रिलिकच्या असतात, म्हणजे ज्या मालाच्या मी पाट्या करतो त्याच घराण्यातल्या. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, हवा तसा बाक देता येतो, आणि फुटलं तर काचेसारखं धारदार चूर होत नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छतं याचीच होती. तेव्हाची एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. डोळ्यात या प्लास्टिकच्या कपच्या गेलेले वैमानिक इंग्लंडमध्ये डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांच्याकडे येत, आणि त्या कपच्या आत राहूनही डोळा चिडत नाही असं त्यांच्या लक्षात आलं. त्यातूनच १९४९ साली त्यांनी मोतीबिंदू काढल्यावर याच प्लास्टिकचं भिंग डोळ्यात बसवलं. आज आपल्या घरातल्या आजीच्या डोळ्यात जे भिंग बसवतात, त्याचं मूळ विमानाच्या खिडकीत आहे.

अण्णांनी आणलेला तुकडा मी ट्यूबलाइटखाली तिरपा धरला. सरळ पाहिलं तर नुसता पिवळट. तिरपा केल्याबरोबर आत चांदीच्या केसांसारख्या शेकडो बारीक रेघा चमकल्या. नख फिरवलं तर काही लागत नाही, कारण ओरखडा वेगळा आणि ही भेग वेगळी. याला क्रेझिंग म्हणतात. वर्षानुवर्षांचं ऊन, चुकीच्या द्रवाने केलेली सफाई आणि बसवताना पडलेला ताण, या तिघांनी मिळून केलेलं हे काम. समोर सूर्य असला की यातली प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे उजळते आणि अख्खी काच दुधाळ होते. मावळतीकडे तोंड करून उतरणाऱ्या वैमानिकाला ऐन वेळी समोरची धावपट्टीच दिसेनाशी होते. म्हणजे काच बदलायची गरज खरीच होती. वाद होता तो रंगाचा.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं: काळं केलं की सावली, सावली झाली की गारवा. बागेत तसंच होतं ना?

इथेच खरी गोम आहे. सूर्याकडून येतं ते एकजिनसी नसतं. डोळ्याला दिसणारा उजेड हा त्यातला जेमतेम निम्मा भाग. तितकाच, किंबहुना थोडा जास्त, भाग इन्फ्रारेडचा. तो दिसत नाही, पण अंगावर पडला की तापवतो. आणि थोडासा अल्ट्राव्हायोलेट, जो कातडी भाजतो आणि आतल्या सीटचं कापड विटवतो. प्लास्टिकचा रंग आपल्याला सांगतो तो फक्त दिसणाऱ्या भागाबद्दल. बाकी दोघांचं काय होतंय, ते रंगाकडे बघून कळतच नाही.

पटत नसेल तर टीव्हीचा रिमोट हातात घ्या. कित्येक रिमोटांच्या तोंडाशी काळीकुट्ट किंवा गडद लाल पट्टी असते. डोळ्याला ती बंद भिंत, पण रिमोटचा इन्फ्रारेड किरण तिच्यातूनच जातो आणि चॅनल बदलतं. माझ्या दुकानातली साधी स्मोक शीटही बऱ्याच प्रमाणात तशीच. दिसायला काळी, पण उष्णतेला अर्धंअधिक दार उघडंच. अण्णांना मी ती कापून दिली असती, तर पुतण्याला समोरचं कमी दिसलं असतं आणि घाम जवळजवळ तितकाच आला असता.

उन्हाची उष्णता खरोखर अडवणारं ॲक्रिलिक वेगळं असतं. त्यात इन्फ्रारेड शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात, आणि विमानाच्या खिडक्या करणाऱ्या अमेरिकन कंपन्या ते वेगळ्या नावाने, अर्थातच वेगळ्या भावाने विकतात. अल्ट्राव्हायोलेट अडवण्याची सोय तर संपूर्ण पारदर्शक शीटमध्येही करता येते, त्यासाठी रंगाची गरजच नाही. तेव्हा खिडकी घेताना तीन आकडे विचारायचे: दिसणारा उजेड किती टक्के आत येतो, सूर्याची एकूण ऊर्जा किती टक्के आत येते, आणि अल्ट्राव्हायोलेट किती अडतो. पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असेल, तर माल चांगला. जो विक्रेता नुसतं "डार्क आहे, मस्त आहे" म्हणतो, त्याला लांबूनच नमस्कार करावा.

आकड्यांवरून आठवलं. अण्णा म्हणाले, "मग पंचाहत्तर टक्केवाली मागवू." मी दचकलो, मग लक्षात आलं. आपल्याकडे शेडनेट घेताना पंचाहत्तर टक्के म्हणजे पंचाहत्तर टक्के सावली. खिडकीच्या बाबतीत पंचाहत्तर टक्के म्हणजे तेवढा उजेड आत येतो, अडतो फक्त पंचवीस. बरोबर उलटा हिशोब. शेडनेटच्या सवयीने कोणी "थोडीशीच सावली" म्हणून पंचवीस टक्केवाली खिडकी मागवली, तर विमानाची फोटो धुवायची डार्करूम होईल.

तुलनेसाठी लक्षात ठेवा, अगदी स्वच्छ ॲक्रिलिकमधूनही ९२ टक्केच उजेड येतो. आत-बाहेरच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के परत फिरतो. त्यामुळे ९२ पासून खाली किती उतरायचं, एवढाच प्रश्न.

याचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर द्वारका सर्कलवर काळ्या फिल्मा टराटरा फाडल्या गेल्या, ते बऱ्याच नाशिककरांना आठवत असेल. योगायोग असा की छोट्या विमानांच्या अमेरिकन नियमांतही हाच आकडा होता. २०१७ मध्ये तो भाग नव्याने लिहिला गेला, त्याआधीच्या मजकुरात स्पष्ट होतं: समोरची काच आणि वैमानिकाच्या पाठीच्या पुढे येणाऱ्या बाजूच्या खिडक्या, यांतून किमान ७० टक्के उजेड आला पाहिजे. सेसना १७२ ची मूळ मान्यता त्याहून जुन्या नियमांवर आहे, हे खरं. पण कायद्याचा कीस काढण्यापेक्षा ७० ही रेघ पाळणं शहाणपणाचं, आणि मला विचाराल तर समोर ७५ च्या खाली जाऊच नये.

"पाठीच्या पुढे" हे शब्द फार कामाचे आहेत. वैमानिक ज्यातून बघतो त्या खिडक्या वेगळ्या, आणि मागे बसणाऱ्याला फक्त ऊन लागतं त्या वेगळ्या. मागच्या खिडक्या खुशाल गडद घ्या. सेसना १७२ ला १९६३ च्या मॉडेलपासून पाठीमागेही मोठी काच आली आहे. विमान उभं असताना सीटा भाजण्यात तिचा वाटा मोठा. उलट या विमानाचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे भर दुपारचं ऊन बाजूच्या खिडक्यांवर फारसं येतच नाही. पायपर चेरोकीसारख्या विमानात पंख खाली, म्हणजे डोक्यावर छत्री नाही. तिथे हिशोब वेगळा. कुठली काच बदलायची आणि कुठली किती गडद, हे ठरवण्याआधी एक दिवस विमानाजवळ बसून ऊन कुठून कुठे फिरतं ते पाहावं. फुकटातलं काम आहे, म्हणून कोणी करत नाही.

पुतण्या फोनवर होता. तो म्हणाला, "काका, रात्री मी उडतच नाही. मग पुढची गडद असली तर काय बिघडलं?"

रात्रीचं सोडा. संध्याकाळी साडेसहाला सूर्य सह्याद्रीच्या धारेआड गेला की वर आकाश उजळ असतं आणि खाली जमीन मात्र काळी पडलेली असते. त्या पंधरा-वीस मिनिटांत धावपट्टीवर कुत्रं आहे की सावली, वाटेत विजेची तार आहे की नाही, समोर घार आहे की लांबचं विमान, हे ओळखायचं असतं. शिवाय वैमानिकाच्या डोळ्यावर गॉगल असतो. चांगला गडद गॉगल साधारण १५ टक्के उजेड आत सोडतो. ७० टक्क्यांच्या काचेमागे तो लावला की डोळ्यापर्यंत पोचतो १०.५ टक्के, कारण इथे बेरीज-वजाबाकी नसते, गुणाकार असतो. आणि मुख्य म्हणजे गॉगल काढून खिशात ठेवता येतो. समोरची काच आठ हजार फुटांवर काढता येत नाही.

यावर पुतण्या काही बोलला नाही. मग म्हणाला, "पोलराइज्ड गॉगल आहे माझा." तो तर विमानात नकोच. काही डिजिटल पडदे त्यातून काळे दिसतात, आणि ताण असलेल्या प्लास्टिकवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात.

रंग कुठला, हा बायकोबरोबर पडदे निवडण्याइतका नाजूक विषय, पण थोडक्यात सांगतो. राखाडी रंग सगळ्या रंगांना सारखंच मंद करतो, त्यामुळे लाल लालच दिसतो आणि पांढरा पांढराच. काही विमानतळांवर धावपट्टीच्या कडेला लाल-पांढऱ्या दिव्यांची ओळ असते, आणि आपण वर आहोत की खाली हे वैमानिकाला त्या दोन रंगांवरूनच कळतं. तिथे ही इमानदारी मोलाची. हिरव्या रंगाचा फायदा असा की आपल्या डोळ्याची सर्वात जास्त पकड दिवसा हिरव्यावरच असते. त्यामुळे फिकट हिरव्यातून पाहताना अंधारल्यासारखं कमी वाटतं. तपकिरी छटा धुरकट हवेतला निळसरपणा कापते, लांबचा डोंगर उठून दिसतो. पण सगळा मुलूखच मे महिन्यातला वाटायला लागतो. निळा रंग विमान उभं असताना छान दिसतो. मी तो घेणार नाही.

आता जाडी. यात एक मेख आहे आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते. या खिडक्या साधारण एक अष्टमांश इंचापासून पाव इंचापर्यंत, म्हणजे ३.२ ते ६.४ मिलिमीटर जाडीत मिळतात. रंग शीटच्या अंगात मिसळलेला असतो, वरून लावलेला नसतो. म्हणजे चहा जसा ग्लासात फिकट दिसतो आणि पातेल्यात गडद, तसंच. एखाद्या रंगाची ३.२ मिलिमीटरची शीट ७५ टक्के उजेड सोडत असेल, तर त्याच मिश्रणाची ६.४ मिलिमीटरची शीट सुमारे ६१ टक्केच सोडेल. ७० ची रेघ ओलांडली, आणि ते कागदावर कुठे दिसणारही नाही. कारखानदार जाड शीटसाठी रंग पातळ करत असेलही. पण आपण ज्या जाडीची खिडकी घेतोय, त्याच जाडीचा आकडा मागायचा. जाड काच आवाज थोडा कमी करते, पक्ष्याच्या धडकेत जास्त टिकते. वजन मात्र दुप्पट. एक चौरस मीटरला ३.८ किलोचे ७.६ किलो होतात, आणि छोट्या विमानात किलोकिलोचा हिशोब ठेवावा लागतो.

"एवढं कशाला," अण्णा म्हणाले, "गाडीची फिल्म मारून टाकू."

ॲक्रिलिकवर गाडीची फिल्म मारणं म्हणजे बरं चाललेल्या संसारात भांडण लावून देणं. फिल्मचा गोंद आणि तो बसवताना वापरलेले द्रव प्लास्टिकला चरचरवू शकतात. फिल्म तापते, तिच्याखालचा पृष्ठभाग एका बाजूने जास्त तापतो, ताण येतो. आणि मघाशी सांगितलेल्या चांदीच्या रेघा फिल्मखाली झाकल्या जातात, म्हणजे भेग वाढतेय हे कळायचा मार्गच बंद. विमानासाठी मान्यता असलेली फिल्म ही वेगळी वस्तू. कॉलेज रोडवरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात ती मिळत नाही.

माझ्या धंद्यातला खरा जीव आहे तो पुढच्या भागात. ॲक्रिलिक तापलं की ॲल्युमिनियमच्या तिप्पट फुगतं. आकडा धरून बघू. एक मीटर रुंद काच आहे. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जानेवारीच्या पहाटे ५ अंश धरा. एप्रिलच्या दुपारी उघड्यावर उभ्या विमानाची रंगीत काच समजा ६५ अंशांवर गेली. या ६० अंशांच्या फरकात काच ४.२ मिलिमीटर वाढते. तिच्याभोवतीची ॲल्युमिनियमची चौकट तेवढीच तापली तरी १.४ मिलिमीटर. उरलेले जवळजवळ ३ मिलिमीटर जाणार कुठे? कडेला मोकळी जागा ठेवली असेल तर तिथे जातील. ठेवली नसेल तर काच मधोमध फुगेल किंवा एखाद्या भोकाशी तडकेल. आणि रंगीत काच उष्णता शोषून घेते, म्हणून ती साध्या काचेपेक्षा जास्त तापते. म्हणजे रंग निवडला की मोकळ्या जागेचा प्रश्न आणखी कळीचा होतो. जुनी स्वच्छ काच वीस वर्षं टिकली, म्हणून त्याच मापात घट्ट बसवलेली गडद काच टिकेल असं नाही.

म्हणून स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा बरीच मोठी ठेवतात, कडेला नमद्याची किंवा रबराची पट्टी घालतात, आणि स्क्रू पूर्ण आवळून झाला की परत थोडा सैल करतात. आपल्या हाताला हे पटत नाही. मिस्त्रीचा हात आवळायला शिकलेला असतो. बाजारातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर तिथे अजिबात नको, ते ॲल्युमिनियम खातं. विमानाच्या मॅन्युअलमध्ये जे सीलंट लिहिलंय तेच.

भोक पाडणं ही तर स्वतंत्र कला. लोखंडाचा ड्रिल बिट ॲक्रिलिकमध्ये घुसताना गुणी बाळ असतो. पलीकडे निघताना मात्र तो पकड घेतो, शीट वर खेचतो आणि भोकाच्या कडेला चंद्रकोरीसारखा टवका उडवतो. आम्ही बिटची धार दगडावर किंचित मारून घेतो, म्हणजे तो चावत नाही, खरवडतो. खाली लाकूड, वेग कमी, आणि संरक्षक कागद शेवटपर्यंत तसाच. कापलेली कड घासून आरशासारखी करायची. बोटाला न जाणवणारी खाच असली तरी पुढची भेग तिथूनच निघते. पाटीच्या बाबतीत मी तिथे एक नक्षीचा खिळा ठोकून वेळ मारून नेतो. विमानात तसली सोय नाही.

आणि याच कारणाने, हात चालत असूनही, मी ते काम घेतलं नाही. विमानाचा सुटा भाग म्हणजे नुसता आकार नसतो, त्याला जन्मदाखला लागतो. अमेरिकेतून मान्यताप्राप्त उत्पादकाची खिडकी येते, तेव्हा सोबत तिथल्या विमान प्रशासनाचा ८१३०-३ हा फॉर्म येतो: भाग कोणी केला, कुठल्या मान्यतेखाली केला, ते त्यात असतं. मूळ खिडकीपेक्षा जाडी किंवा रंग बदलत असेल, तर त्या बदलालाही त्या मॉडेलपुरती मान्यता लागते. तिला एसटीसी म्हणतात. आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांखाली परवानाधारक एएमई, म्हणजे देखभाल अभियंता, हे सगळं तपासतो, काम करवून घेतो आणि सही करतो. ती सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. माझ्या बिलावर काय लिहिणार होतो मी? "स्मोक ॲक्रिलिक, ६ मिमी, एक नग"?

शेवटी पुतण्याने समोर फिकट हिरवी, उष्णता शोषणारी काच घेतली, मागे गडद राखाडी, आणि दाराच्या दोन खिडक्या स्वच्छ ठेवल्या. हे शेवटचं त्याचं स्वतःचं डोकं, आणि मला पटलं. वळताना तो त्यातूनच खाली बघतो. पेटी आली तेव्हा आत काच होती त्याच्या तिप्पट खोका होता. एएमई साहेबांनी मला बघायला बोलावलं, ड्रिलला हात लावू दिला नाही.

उष्णतेचं म्हणाल, तर फरक पडला, पण अण्णांना वाटला होता तेवढा नाही. उभ्या विमानात काचेने शोषलेली उष्णता आतही परत येते. उडताना ताशी दोनशे किलोमीटरचा वारा ती बाहेरच्या बाहेर नेतो, पण वर गेल्यावर हवा तशीही गार असते; दर हजार फुटांना साधारण दोन अंशांनी. सर्वात जास्त गरज जमिनीवर, आणि तिथेच रंगाचा उपयोग सर्वात कमी. म्हणून बाहेरून टाकायचा पांढरा कापडी झाकणपट आम्ही सातपूरमध्येच शिवून घेतला. त्याला सहीबिही काही लागली नाही. फक्त तो वाऱ्यावर फडफडता कामा नये, नाहीतर धुळीसकट काचेवर पॉलिश पेपरसारखा घासतो.

काच धुवायची रीत मी पुतण्याला दुकानात करून दाखवली. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची. मग सौम्य साबणाचं पाणी आणि उघडा तळहात. फडकं नाही, हातच, कारण खडा अडकला तर हाताला कळतं, फडक्याला कळत नाही. अंगठी आणि घड्याळ आधीच काढून ठेवायचं. पुसताना गोल गोल नाही, सरळ वर-खाली. घरातल्या काचेचा निळा स्प्रे, पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांपैकी काहीही नाही. त्याने अंगठी काढली, त्याच जुन्या पिवळट तुकड्यावर हात फिरवला, आणि म्हणाला, "काका, आम्ही हे आत्तापर्यंत पेट्रोलच्या बोळ्याने पुसत होतो."